एकर मोजू नका, गाई मोजा
(शेतकरी मंडळासाठी नभोवाणीवर दिलेले भाषण)



रोज आपण ज्वारीवरची खोडमाशी, कांद्याचा करपा, जनावरांची लाळ-खुरकत असल्या विषयांवर बोलतो. आज जरा लांब जायचं आहे. अमेरिकेत जायचं आहे आणि फिरून आपल्याच बांधावर यायचं आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला अमेरिकेचं काय? तर त्याला कारण एक पत्र झालं.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका श्रोत्यांचं पत्र आहे. नाव-गाव सांगत नाही, कारण घरचा मामला आहे. ते लिहितात, "चिरंजीव अमेरिकेत नोकरीला आहे. परवा फोनवर म्हणाला, आबा, इकडं नेब्रास्का राज्यात गुरांची मोठी मोठी रानं विकायला निघतात. त्याला रँच म्हणतात. एकरी भाव हजार डॉलरच्या आसपास. आपली पाच एकर बागायत तीस लाखांनी गेली तर दीड कोट होतील. तेवढ्यात इथं पावणेदोनशे एकर येईल. तुम्ही आणि आई इकडंच या. तर मी काय करावं? रानात आजोबांनी पाडलेली विहीर आहे. घरातली मंडळी दोन दिवस धड जेवली नाहीत."

पत्र वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. पाच एकराचे पावणेदोनशे एकर! कुणाचंही मन हलेल. म्हणून म्हटलं, या प्रश्नाचा नीट, चहूबाजूंनी विचार करू. आणि तो एकट्यासाठी नको, सगळ्यांसाठी करू. कारण जमीन नेब्रास्कात घ्या नाहीतर नातेपुत्यात, घेणारा चुकतो तो बहुतेक त्याच त्याच ठिकाणी चुकतो.

मुलूख कसा आहे

नेब्रास्का राज्याच्या उत्तरेला चेरी काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच समजा. क्षेत्रफळ साधारण १५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यापेक्षा थोडं जास्तच. आता लोकसंख्या ऐका. सोलापूर जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे ४३ लाख माणसं. चेरी काउंटीत २०२० च्या शिरगणतीत किती? ५,४५५. हो, साडेपाच हजारसुद्धा नाहीत. आपल्याकडच्या एका बाजाराच्या गावात याहून जास्त माणसं असतात. त्यातली निम्मी जिल्ह्याच्या गावी, व्हॅलेंटाइनला राहतात. बाकीची रानात विखुरलेली.

गाई मात्र भरपूर. मांसासाठी वासरं वाढवणाऱ्या गाईंच्या संख्येत हा जिल्हा साऱ्या अमेरिकेत पुढचा मानला जातो. दीड लाखाहून अधिक गाई, म्हणजे माणशी पंचवीस-तीस पडल्या. तिकडे दूध काढत नाहीत. गाईनं वासरू द्यायचं, वासरानं आईचं दूध आणि गवत खाऊन वाढायचं, आणि शरद ऋतूत ते विकायचं. वर्षाचं उत्पन्न म्हणजे ती वासरं. आपल्याला हा धंदा जवळचा वाटणार नाही, पण त्यांचा संसार त्याच्यावर आहे हे ध्यानात घेऊन पुढचं ऐका.

पाऊस किती? वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, त्यात बर्फही आलं. म्हणजे आपल्या अवर्षणप्रवण पट्ट्याइतकाच. आणि जमीन? नुसती वाळू. सँडहिल्स, म्हणजे वाळूच्या टेकड्या, असंच त्या मुलखाचं नाव आहे. जवळजवळ ५०,००० चौरस किलोमीटर पसरलेल्या या टेकड्या. आपल्या सबंध महाराष्ट्राचा सहावा हिस्सा होईल. वाळवंटासारख्या टेकड्या, पण वरून गवताची चादर. ते गवत आहे तोवर वाळू जागच्या जागी आहे. गवत उखडलं की वारा वाळू उचलतो, तिथं खड्डा पडतो आणि तो वर्षावर्षाला वाढत जातो. म्हणून तिथला जाणता माणूस नांगराला हात लावताना दहा वेळा विचार करतो.

हे लोकांना कसं कळलं

सहजासहजी कळलं नाही. हा मुलूख मुळात तिथल्या आदिवासींचा, लकोटा आणि पॉनी लोकांचा. त्यांना हटवून गोरे लोक आले. सुरुवातीला गुरंवाले या टेकड्यांत शिरायला भीत. आत गेलेलं जनावर मेलंच असं धरून चालत. १८७९ साली मार्च महिन्यात मोठं हिमवादळ झालं आणि एका रँचची गुरं वाऱ्याबरोबर टेकड्यांत शिरली. शोधायला माणसं आत गेली तर काय, गुरं धडधाकट! शिवाय पूर्वी कधी हरवलेली, आतच व्यालेली, बिनडागाची जनावरंही सापडली. तेव्हा समजलं की हे रान गुरांचं आहे.

मग सरकारनं काय केलं? १८६२ च्या कायद्यानं कुटुंबाला १६० एकर जमीन मिळत असे. पूर्वेकडच्या काळ्या, ओलसर जमिनीत १६० एकरांत कुटुंब सुखानं नांदे. वाळूत ते जमेना. म्हणून १९०४ साली किंकेड नावाच्या लोकप्रतिनिधीनं कायदा आणवला. पश्चिम नेब्रास्कातल्या ३७ काउंट्यांत एका कुटुंबाला ६४० एकर द्यायचे. फुकट जमीन म्हटल्यावर लोक धावले. मातीची ढेकळं रचून घरं बांधली, वाळूत नांगर घातला, मका पेरला. पहिली दोन-चार वर्षं बरं आलं. मग गवत गेलं, वाळू उडाली, कणसं भरेनात. पुष्कळांनी गाशा गुंडाळला आणि जमीन शेजारच्या गुरंवाल्याला विकून टाकली. रँच मोठ्या झाल्या त्या अशा.

आता आपल्या पत्राकडे या. मुलगा म्हणतो पावणेदोनशे एकर. अहो, दीडशे वर्षांपूर्वी ज्या १६० एकरांत त्या मुलखात कुटुंब तगलं नाही, जवळपास तेवढीच ही जमीन झाली. पुढं ६४० एकर दिले, त्यातही पुष्कळ तगले नाहीत. तेव्हा आकडा किती मोठा आहे हे पाहून उपयोग नाही. त्या आकड्यात किती तोंडं जगतात ते पाहायचं.

एकराचा भाव खोटा, गाईचा भाव खरा

तिकडचा जाणता माणूस जमीन घेताना "किती एकर?" हे नंतर विचारतो. आधी विचारतो, "या रानात किती गाई निघतील?" गाय आणि तिचं वासरू मिळून एक घटक धरायचा. गाईला दिवसाला साधारण १२ किलो वाळलेला चारा लागतो. रानात उगवलेल्या गवतापैकी निम्मं खाऊ द्यायचं, निम्मं ठेवायचं, असा तिकडचा दंडक आहे. ठेवलेलं निम्मं वाया जात नाही, बरं का. त्याच्यावर मुळं जगतात, बर्फ अडतं, वाळू थांबते आणि पुढच्या वर्षी पुन्हा गवत येतं.

या हिशेबानं वाळूच्या टेकड्यांत एका गाईला वर्षभरासाठी दहा-बारापासून वीस एकरांपर्यंत रान लागतं, जशी जमीन तसं. आपण मधला पंधराचा आकडा धरू. १७५ एकरांत किती गाई? अकरा-बारा. बारा गाईंची समजा अकरा वासरं जगली. त्यातल्या एक-दोन कालवडी म्हाताऱ्या गाईंच्या जागी ठेवाव्या लागतात. विकायला राहिली नऊ. नऊ वासरांच्या पैशात वळूचा खर्च, हिवाळ्याचा चारा, कुंपणाची डागडुजी, गाडीचं तेल, जमिनीचा कर आणि तीन माणसांचं पोट भागवायचं. भागेल का? तुम्हीच सांगा.

नुसत्या गुरांवर एक कुटुंब चालवायचं तर दोन-तीनशे गाईंच्या खाली कठीण. तीनशे गाईंना पंधराच्या हिशेबानं साडेचार हजार एकर. हजार डॉलरनं पंचेचाळीस लाख डॉलर. डॉलरला पंच्याऐंशी रुपये धरले तर अडतीस कोटींच्या वर. यात गाईंची किंमत अजून धरलेलीच नाही. तेव्हा भाव "स्वस्त" आहे तो का स्वस्त आहे, हे आता उमगलं असेल. माळरानाचा एकर आणि बागायतीचा एकर एका मापाचे दिसले तरी एका वजनाचे नसतात.

आणखी एक रीत सांगतो. तिकडे कुणा रँचवाल्याला "तुमची जमीन किती? गाई किती?" असं तोंडावर विचारणं असभ्य समजतात. म्हणजे कुणाचं पासबुक उघडून पाहिल्यासारखं. नवखा माणूस हे विचारतो आणि पहिल्याच दिवशी नजरेतून उतरतो.

पाणी, चारा आणि कुंपण

वर वाळू असली तरी खाली पाण्याचा साठा अफाट आहे. ओगलाला नावाचा भूजलसाठा जमिनीखाली आठ राज्यांत पसरला आहे. त्याचा जाड थर या टेकड्यांखाली आहे. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात पाणी वरच येतं, तळी साचतात, ओलं कुरण होतं. तिथलं गवत जुलैमध्ये कापून वाळवतात. एका गाईला हिवाळ्यात दोन टनांपर्यंत वाळलं गवत लागू शकतं. म्हणजे ज्या रानात ओलं कुरण नाही त्या रानाला हिवाळ्याचा चारा विकत. घेणाऱ्यानं हे पाहिलंच पाहिजे. उन्हाळ्यातलं हिरवं रान पाहून भुलायचं नाही.

गुरांच्या पाण्यासाठी जागोजाग पवनचक्क्या. वारा चक्की फिरवतो, पाणी टाकीत पडतं. आता पुष्कळ ठिकाणी सौरपंपही आले. रान कितीही मोठं असो, गाय पाण्यापासून फार लांब चरायला जात नाही. पाणी एकाच कोपऱ्यात असेल तर त्या कोपऱ्याचं वाळवंट होतं आणि बाकीचं गवत उभंच राहतं. म्हणून जाणता माणूस चक्क्या मोजतो, आणि चालू किती, मोडक्या किती तेही मोजतो.

पाण्यावर मालकाची मनमानीही चालत नाही. नेब्रास्कात १९७२ पासून खोऱ्याखोऱ्यांची नैसर्गिक साधनसंपत्ती मंडळं आहेत. लोक मतदान करून त्यांचे सभासद निवडतात, आणि भूजलाचे नियम हीच मंडळं ठरवतात. १९७० च्या दशकात मक्याला भाव होता म्हणून काही लोकांनी या टेकड्या नांगरल्या आणि गोल फिरणारे मोठे तुषारसंच बसवले. भाव उतरला, वाळू उडू लागली, वीज परवडेना. कितीतरी संच बंद पडले आणि तिथं पुन्हा गवत लावायची पाळी आली.

मग कुंपण. मैलोन् मैल काटेरी तार. सामाईक कुंपणाचा बोजा दोन्ही शेजाऱ्यांवर. त्याची एक सुरेख रीत आहे. दोघांनी आपापल्या बाजूनं कुंपणाच्या मध्यावर समोरासमोर उभं राहायचं. ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग येईल तो त्यानं सांभाळायचा. वाद नाही, फिर्याद नाही. आपल्याकडे बांधावरनं डोकी फुटतात, म्हणून ही रीत मुद्दाम सांगितली.

कागद बोलतो

पुष्कळ रँचमध्ये सगळी जमीन मालकीची नसते. एक मैल लांब, एक मैल रुंद अशा ६४० एकरांच्या तुकड्याला तिकडे सेक्शन म्हणतात. अशा ३६ सेक्शनांचा एक चौकोनी गट. त्यातला १६ वा आणि ३६ वा सेक्शन शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवला होता. त्यातली पुष्कळ जमीन आजही राज्याच्या मंडळाकडे आहे आणि ती भाडेपट्ट्यानं देतात. म्हणजे जाहिरातीत पाच हजार एकर लिहिले असले तरी त्यात खरेदीची किती आणि पट्ट्याची किती, हे आधी वेगळं करून घ्यायचं.

दुसरं, जमिनीच्या पोटातलं. तिकडे जमीन एकाची आणि खालचं तेल, वायू दुसऱ्याचा असं असू शकतं. आधीच्या मालकानं तो हक्क कधीच विकलेला असतो. तिसरा प्रश्न वाटेचा. दुसऱ्याच्या रानातून जावं लागत असेल तर वहिवाटीचा हक्क लिहून नोंदलेला आहे का? चौथा कराचा. आपला शेतसारा आपण चहापाण्याच्या पैशात भरतो. तिकडे जमिनीवरचा कर दरवर्षी चांगलाच बसतो, आणि त्यातला मोठा वाटा शाळांना जातो. वासराला भाव येवो न येवो, कर भरावाच लागतो.

सरकारी जमिनीचा मोह तिकडेही झाला होता. एका काळी स्पेड नावाच्या प्रचंड रँचनं सरकारी माळाला कुंपण घातलं होतं. १८८५ च्या कायद्यानं ते बेकायदा होतं. मालक बार्टलेट रिचर्ड्स आणि विल्यम कॉमस्टॉक. १९०५ साली त्यांना नाममात्र दंड आणि काही तासांची कैद झाली, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट खवळले. पुढं दुसऱ्यांच्या नावानं खोटे दावे लावून जमीन बळकावण्याच्या कटाबद्दल त्यांना एक वर्षाची कैद ठोठावली गेली. त्या कैदेत असतानाच १९११ साली रिचर्ड्स वारले. लाखो एकरांचा धनी, पण शेवट असा. सरकारी गायरानात कुंपण सरकवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

शेजार विकत मिळत नाही

बंधूंनो, जमिनीबरोबर माणसंही घ्यावी लागतात. ती खरेदीखतात लिहिलेली नसतात.

चेरी काउंटीत घरापासून दुकान चाळीस-पन्नास मैल असू शकतं. काही डांबरी रस्ते इतके अरुंद की समोरून गाडी आली तर दोघांनी एक एक चाक खाली उतरवायचं. जिल्हा एवढा लांबरुंद की पूर्व भागात एक वेळ आणि पश्चिम भागात घड्याळ एक तास मागे. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंश जातो. १९४९ च्या जानेवारीत हिमवादळांनी सगळा मुलूख गाडला गेला. लष्कराला बुलडोझरनं रस्ते मोकळे करावे लागले आणि विमानातून गुरांसाठी गवत टाकावं लागलं.

अशा ठिकाणी शेजारी हाच आधार. वसंत ऋतूत वासरांना डाग द्यायचे असतात. एका घरचं काम असलं की आजूबाजूची सगळी घरं येतात, बाया, पोरं, म्हातारी सुद्धा. मजुरी नाही. दुपारी एकत्र जेवण. उद्या तुमच्याकडे, परवा त्यांच्याकडे. आपल्याकडची सावड आणि इर्जिक दुसरं काय होती? रानाला आग लागली तर शहरातून बंब येईपर्यंत सगळं संपेल. म्हणून पुष्कळ जण आपल्या गाडीवर पाण्याची टाकी आणि पंप ठेवतात आणि धूर दिसला की न बोलावता निघतात.

कोडी नावाचं दीडशे-दोनशे वस्तीचं गाव या काउंटीत आहे. गावातलं किराणा दुकान बंद पडलं. सामान आणायला कितीतरी मैल जावं लागे. तेव्हा शाळेतल्या मुलांनी शिक्षकांच्या आणि गावकऱ्यांच्या मदतीनं पैसे उभे केले, गवताच्या गाठी रचून इमारत बांधली आणि २०१३ साली मुलांनी चालवायचं दुकान सुरू केलं. अशी ही माणसं. पण अशा गावात येऊन जो कुणाच्या डागणीला गेला नाही, आगीला धावला नाही, त्याच्या गाडीचं चाक बर्फात रुतलं तर त्याला एकटेपणा कळतो.

गेल्या तीसेक वर्षांत बाहेरच्या श्रीमंतांनी तिकडे जमिनी घेतल्या. टेड टर्नर या दूरचित्रवाणीच्या उद्योगपतीनं रँचमागून रँच घेऊन रानगवे पाळले. तिथले लोक म्हणतात, जमीन विकणाऱ्याला भाव मिळाला हे खरं, पण गुरांच्या उत्पन्नातून ती किंमत फिटत नाही, मग आमच्या पोरांनी जमीन घ्यायची कशी? आणि प्रत्येक मोठ्या खरेदीबरोबर शाळेतली चार मुलं कमी होतात. हे दुःख आपल्याला नवीन नाही. शहराजवळच्या गावांनी ते पाहिलं आहे.

आपल्याकडे हिवरे बाजारनं यावर आधीच विचार केला. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे कमी पावसाचं गाव. मोकाट चराई बंद, कुऱ्हाड बंद, पिकासाठी बोअर बंद आणि गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही, असे नियम गावानं स्वतः केले आणि पाळले. माळावर गवत आलं, विहिरींना पाणी आलं, शहरात गेलेली माणसं परत आली. वाळूच्या टेकड्यांत जे "निम्मं ठेवा" म्हणतात तेच इथं चराईबंदीनं केलं.

तेजीत घेतलेली जमीन

एक धोक्याची गोष्ट राहिली. १९७० च्या दशकात अमेरिकेत शेतमालाला भाव होता. जमीन वर्षावर्षाला चढत होती. बँका बोलावून कर्ज देत होत्या. लोक म्हणत, जमीन काही नवी तयार होत नाही, भाव चढतच जाणार. १९८० च्या सुमारास व्याज पंधरा टक्क्यांवर गेलं, मालाचे भाव कोसळले. १९८१ ते १९८७ च्या दरम्यान नेब्रास्कातल्या जमिनीचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. ज्यानं आधीची फिटलेली जमीन तारण ठेवून नवी घेतली होती त्याची नवी तर गेलीच, पण आजोबांची जुनीही गेली. लिलावाच्या दिवशी माणसं आपलीच अवजारं दुसऱ्याच्या गाडीत चढताना पाहत उभी राहिली.

म्हणून नियम एकच. जमिनीचा हप्ता जमिनीच्या उत्पन्नातून, तेही वाईट सालातल्या उत्पन्नातून, फिटतो का ते पाहा. भाव चढेल या भरवशावर हप्ता बांधू नका.

पत्राला उत्तर

आता आबांना उत्तर. आबा, मुलाचा हेतू वाईट नाही. आई-बाप जवळ असावेत असं त्याला वाटतं. त्याच्यावर रागावू नका. पण चार गोष्टी त्याला शांतपणे सांगा.

पहिली, परत फिरायची वाट बंद होते. अनिवासी भारतीयाला आपल्या देशात शेतजमीन वारसानं मिळू शकते, पण विकत घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. तुम्ही सगळीच जमीन विकलीत तर उद्या पुन्हा घेताना शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणणार? तेव्हा काहीही करा, सगळा सातबारा कोरा करू नका.

दुसरी, तिकडचा कायदा. परदेशी नागरिकानं शेतजमीन धारण करण्यावर नेब्रास्का राज्याचे निर्बंध आहेत. मुलगा तिथला नागरिक आहे की नोकरीच्या परवान्यावर आहे, यावर सगळं ठरेल. तिथल्या वकिलाला फी देऊन विचारावं. फीचे पैसे वाचवणारा पुढं जमीन घालवतो. इथून पैसे पाठवायचे तेही बँकेमार्फत आणि रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेतच.

तिसरी, त्याला म्हणावं, एक हिवाळा तिथं कुणाच्या तरी रँचवर काम करून बघ. जून महिन्यात सगळीच रानं हिरवी दिसतात. फेब्रुवारीच्या रात्री बर्फात व्यायला आलेल्या गाईपाशी कंदील घेऊन बसलास आणि तरीही तुला हाच धंदा करावासा वाटला, तर मग बोलू. आधी थोडं रान पट्ट्यानं घे, दहा गाई पाळ, पाच वर्षं टिकव.

चौथी तुम्हा दोघांसाठी. विहीर तुमच्या आजोबांची आहे, पण निर्णय तुम्ही दोघांनी एकत्र बसून घ्यायचा आहे. घरातल्या मंडळींना आणि मुलीलाही विचारा. २००५ च्या कायद्यापासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. तिची सही लागेल, म्हणून तिचं मतही लागतं.

हे कापून भिंतीला लावा

आणि बंधूंनो, तुम्हाला नेब्रास्कात जायचं नाही. पण शेजारच्या गावात दोन एकर घ्यायचे असतीलच. मग ही यादी जवळ ठेवा.

१. भाव एकराचा धरू नका. त्या जमिनीत किती क्विंटल पिकतं, किती जनावरं निघतात, त्यावर भाव धरा.

२. जमीन मे महिन्यात पाहा. विहिरीत दोर सोडा. पावसाळ्यातलं पाणी सगळ्यांचंच असतं.

३. विहिरीत हिस्सेदार किती, पाण्याची पाळी कशी, ते कागदावर आहे का ते पाहा. तोंडी पाळी मालक बदलला की बदलते.

४. सातबारा, आठ-अ आणि सगळे फेरफार काढा. सातबाऱ्यावरचा "इतर हक्क" हा रकाना बोटानं ओळ न् ओळ वाचा. बोजा, कूळ, वारस तिथंच सापडतात.

५. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय इसार देऊ नका. जमीन आदिवासी खातेदाराची, वतनाची, इनामाची असेल तर जास्तच जपा.

६. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे तुकडेबंदीचा अडथळा आहे का ते विचारा.

७. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या.

८. खरेदीआधी सरकारी मोजणी करून घ्या. सात एकरांची जमीन मोजणीत सहा भरली की भांडण तुमच्या नशिबी येतं.

९. बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल असा रस्ता आहे का, आणि नोंदलेला आहे का? "जातोच की सगळे" हे उत्तर धरू नका.

१०. बहिणींच्या, चुलत्यांच्या सह्या राहिल्या नाहीत ना, ते पाहा.

११. चारी बाजूंच्या शेजाऱ्यांकडे एकेकदा चहाला जा. विकणारा जे सांगत नाही ते शेजारी सांगतो. आणि तुम्हाला जन्म काढायचा आहे तो त्याच्याजवळ.

१२. हप्ता दुष्काळी सालातल्या उत्पन्नातून फिटत असेल तरच सही करा.

आबांचं दुसरं पत्र आलं तर पुढच्या भाषणात सांगेनच. तुम्हीही आपले अनुभव लिहून पाठवा. फसला असाल तर तेही लिहा, नाव छापणार नाही. एकाची ठेच दहा जणांना शहाणं करते.

बराय तर, आज इथंच थांबतो. नमस्कार.